दास्तानगो आणि गेम मास्टर : गोष्ट कोणाच्या मालकीची?

आपल्या वार्षिकांतून कथा, कविता, गझल, आत्मकथन यांची समीक्षा होते. खेळाची समीक्षा सहसा कोणी करीत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. खेळ म्हटला की वेळेचा अपव्यय, हा संस्कार आपल्या घराघरांत आहे. पण ज्या खेळाविषयी येथे लिहीत आहे तो पट, सोंगट्या किंवा चेंडूचा खेळ नाही. तो तोंडाने खेळला जातो आणि त्यातून दुसरे काही नाही, एक गोष्टच तयार होते. म्हणून त्याची जागा क्रीडापृष्ठावर नसून साहित्याच्या चर्चेत आहे, असे माझे मत झाले आहे.

ओळख झाली ती पुण्यात, भाच्याच्या फ्लॅटवर. रविवारची दुपार होती. टेबलाभोवती चार मुले-मुली बसली होती आणि पाचवी, वास्तुशास्त्र शिकणारी एक मुलगी, पुठ्ठ्याचा छोटा आडोसा समोर उभा करून बसली होती. चौघांकडे एकेक कागद. त्यावर प्रत्येकाच्या पात्राचे नाव, बळ, चपळाई, अक्कल असे सारे आकड्यांत मांडलेले. त्या पाचव्या मुलीला मात्र स्वतःचे पात्र नव्हते. उरलेले सारे जग तिचे होते. गावातला लोहार ती, वाटेतला पाऊस ती, अंधारात दबा धरून बसलेला दैत्यही तीच. ती वर्णन करायची आणि थांबून विचारायची, "आता तुम्ही काय करता?" एवढाच प्रश्न, पुन्हा पुन्हा. मुले सांगतील ते घडेल की नाही अशी शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा पडायचा. या मुलीच्या भूमिकेला गेम मास्टर म्हणतात.

फासा म्हटल्यावर आपल्या वाचकांच्या भुवया उंचावतील हे मी जाणतो. नर्दविषयी हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत आणि फकीहांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. तो निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. ज्याला शंका असेल त्याने आलिमांना विचारावे. एवढेच नोंदवतो की येथे पैज नसते, पैसा नसतो आणि जिंकणारा-हरणाराही नसतो. माझा प्रश्न निराळा आहे. ही जी व्यक्ती गोष्ट सांगते आणि तरी गोष्टीचा शेवट स्वतःच्या हाती ठेवत नाही, तिची कला कोणत्या मापाने मोजायची?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थानातून चतुरंग इराणात गेला, शतरंज झाला, अरबांच्या हातून युरोपात पोहोचला. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रन्सविक येथे हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने (तोही शिक्षकच!) बुद्धिबळाचा पट फुगवून त्यात डोंगर, नद्या, तोफखाना आणला आणि युद्धाचा खेळ रचला. पुढे प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये तो नकाशावर आणला आणि एक फार महत्त्वाची गोष्ट केली. दोन्ही बाजूंच्या मध्ये त्याने एक पंच बसवला. सेनापती आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला देत, आणि पंच प्रत्येकाला तेवढेच दाखवी जेवढे रणभूमीवर त्याला खरोखर दिसले असते. सारे ठाऊक असलेला एक माणूस आणि अर्धवट ठाऊक असलेले बाकीचे, ही रचना तेथून सुरू होते. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ याने आणखी पुढे जाऊन सांगितले की कोष्टके आणि आकडेमोड बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निवाड्यावर सोडा. अमेरिकन अधिकारी टॉटन याच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या ग्रंथातून मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाला हेच तत्त्व सापडले. खेळाडू काहीही करू पाहील, निवाडा पंच देईल.

वेझलीने १९६९ मध्ये ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातले गाव, दोन बाजूंनी येणाऱ्या फौजा. पण वेझलीने केवळ सेनापती केले नाहीत. कोणाला नगरप्रमुख केले, कोणाला विद्यार्थी पुढारी. झाले असे की युद्ध राहिले बाजूला आणि मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आपापसांत कट रचू लागली. दोघांनी येऊन सांगितले की आम्हाला द्वंद्व खेळायचे आहे. द्वंद्वाचा नियमच केलेला नव्हता! वेझलीने जागेवर काहीतरी ठरवून वेळ निभावली आणि घरी जाताना त्याला वाटले, आपला खेळ पार फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा कधी, म्हणून पिच्छा पुरवला. माझ्या मते गेम मास्टर या भूमिकेचा जन्म त्या फसलेल्या संध्याकाळी झाला. आपली तयारी मोडली आणि त्या मोडण्यातच लोकांना रस होता, हे कोणत्याही सांगणाऱ्याला पचायला जड असते.

त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचे राज्य उभे केले, त्यातील किल्ल्याखाली तळघरांचे जाळे रचले आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्सला ते खेळून दाखवले. दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्या पुस्तिकांत या माणसाला अजून पंचच म्हटले आहे. ‘डंजन मास्टर’ हा शब्द लवकरच आला, आणि इतरांच्या खेळांत त्याचा गेम मास्टर झाला. शब्द बदलला तसा रुबाबही वाढला. पंच कोणी होत नाही, व्हावे लागते. मास्टर मात्र सर्वांना व्हायचे असते. आपल्या गल्लीतल्या खेळात ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो बिचारा डाव संपेपर्यंत धावत असतो. मराठीतला हा ‘राज्य’ शब्द गेम मास्टरच्या भूमिकेला इंग्रजी ‘मास्टर’पेक्षा अधिक शोभतो.

या खेळात आपलेही बरेच काही सापडते. १९७४ च्या त्या पुस्तिकांतच जिन्न आणि इफ्रीत आहेत. घूलही त्यांतच आहे. ही सारी मंडळी अलिफ-लैलेच्या युरोपीय भाषांतरांतून तेथे पोहोचलेली. १९९२ मध्ये ‘अल-कदीम’ नावाची आख्खी अरबी ढंगाची दुनियाच प्रसिद्ध झाली; घुमट, वाळवंट, काफिले सगळे काही, आणि मध्यभागी अल्लाहऐवजी ‘नशीब’. राग येण्याचे कारण नाही, हसू मात्र येते. आपल्यासाठी जिन्न हा अकिद्याचा भाग आहे, कुराणात त्यांच्या नावाची सूरह आहे. तेथे त्याच्यापुढे किती घाव बसल्यावर तो मरेल याचा आकडा लिहिलेला असतो. पण कोशात काय छापले आहे याला टेबलावर अखेरचे महत्त्व नसते. तो जिन्न बोलू लागतो तो गेम मास्टरच्या तोंडून, आणि तो कसा बोलेल हे त्याने काय वाचले, घरात काय ऐकले यावर ठरते.

मी उर्दूचा माणूस, त्यामुळे हा खेळ पाहताना मला सतत दास्तान आठवत होती. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून मुहम्मद हुसैन जाह आणि नंतर अहमद हुसैन कमर यांच्याकडून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड लिहवून घेतले. तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेली दुनिया. तिला दरवाजे, पहारेकरी, सापळे असतात. आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही. खेळातले तळघर याहून निराळे काय आहे? होशरुबाचा बादशहा अफरासियाब किताब-ए-सामरी उघडतो आणि कोठे काय चालले आहे ते त्याला कळते. पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या मुलीने ग्रंथ उघडून पाहिला तेव्हा मला दुसरे कोणी आठवलेच नाही.

पण साम्य येथे संपते आणि खरा मुद्दा सुरू होतो. तिलिस्म कोणालाही फोडता येत नाही. ते ज्याच्या नावावर लिहिलेले आहे त्यालाच ते फुटते, आणि त्यासाठी त्याला लौह मिळावी लागते. लौह म्हणजे पाटी. येथून डावीकडे जा, या पक्ष्याला मारू नको, त्या तलावात उडी घे, असे पाटी सांगते आणि नायक तसे करतो. लौह मिळेपर्यंत दास्तान हवी तितकी लांबवता येते, मिळाल्यावर मात्र नायकाला निवड उरत नाही. श्रोत्यालाही नसते. तो वाहवा करील, रात्रभर बसेल. पण अमर अय्यारने झंबीलमधून काय काढावे हे तो सांगू शकत नाही.

मग दास्तानगोची कला कशात होती? शम्सुर्रहमान फारुकी यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, की त्यांनी दास्तानीला कादंबरीच्या मापाने मोजणे बंद करायला लावले. दास्तान ही ऐकण्याची वस्तू आहे. तिच्यात पुनरुक्ती आहे, पाल्हाळ आहे, आणि ते दोष नसून महफिलीची गरज आहे, असे त्यांचे म्हणणे. दास्तान ‘रोकना’, म्हणजे कथानक जागच्या जागी थांबवून वर्णनाच्या बळावर श्रोत्यांना धरून ठेवणे, हे उस्तादाचे काम मानले जाई. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि ती परंपरा खंडित झाली. २००५ पासून महमूद फारुकी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती मंचावर पुन्हा आणली. पण दास्तानगो मीर बाकर अली असोत की आजचा तरुण, गोष्ट त्यांच्या मुखात असते. गेम मास्टरकडे लौह नसते. त्याहून नेमके सांगायचे तर, ती असली तरी त्याने ती खेळाडूंच्या हाती द्यायची नसते.

सगळ्यांनाच हे साधले नाही. गायगॅक्सने रचलेली ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही थडग्याची मोहीम १९७५ च्या एका संमेलनात खेळवली गेली आणि १९७८ मध्ये छापली गेली. तीत भिंतीवर हिरव्या सैतानाचा चेहरा आहे, तोंड उघडे, आत काळोख. जो उत्सुकतेने आत शिरेल तो कायमचा नाहीसा. हा क्रूरपणा आहे, पण प्रामाणिक आहे: निवड तुमची होती. याच्या उलट टोकाला १९८४ पासून आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या मोहिमा. त्यांत नायक आधीच ठरलेले, त्यांचा प्रवास ठरलेला, जोडीला कादंबऱ्याही निघाल्या. महत्त्वाचे पात्र मेलेच तर त्याचे प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढे परत आणता येईल, अशी सोयसुद्धा होती. वाचायला ती कथा गोड आहे. खेळायला बसलेला मात्र रुळावरच्या डब्यासारखा जातो. खेळणारे याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात, आणि त्यांच्यात गेम मास्टरवर याहून वाईट आरोप नाही. २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने तर नियमच केला की कथानक आधी ठरवायचेच नाही, पुढे काय होते हे कळावे म्हणूनच मास्टरनेही खेळायचे.

त्या रविवारी पाहिलेला प्रसंग आता सांगतो, कारण कोणत्याही ग्रंथापेक्षा तो माझ्या मनात अधिक राहिला आहे. गावच्या दफनभूमीत घूल येतो, ताजी थडगी उकरतो. मुलीने जमिनीखालच्या एका थडग्याचा सुरेख नकाशा काढून आणला होता. तीन संध्याकाळी खपली होती म्हणे. खेळाडूंनी तेथे जावे अशी सारी मांडणी. पण एकाने मध्येच विचारले, "घूलला नव्या थडग्यांची खबर लागते कशी? कबरी खोदतो तो माणूस कोण आहे?" असा कोणी माणूस तिच्या कागदांत नव्हता. ती क्षणभर गप्प झाली. कागद उलटे ठेवले आणि म्हणाली, "दफनभूमीच्या कडेला एक झोपडी आहे. आत दिवा आहे. काय करतोस?"

मुलगा झोपडीत गेला, वरवंट्यासारखे ठोकळ खोटे बोलला. फासा टाकला, तीन पडले. हरला. मी शिक्षक, मला वाटले आता ती म्हणणार, चूक, दुसरा प्रयत्न करा. ती म्हणाली, "म्हातारा तुझ्याकडे बराच वेळ बघतो. मग दार लावून घेतो. पण दिवा विझवत नाही, आणि आतून दोन माणसांचे आवाज येतात." टेबलावर शांतता पसरली. फाशाने मुलाला नाकारले होते, तिने नाकारले नव्हते. अपयशातून तिने आणखी एक दार काढले. थडग्याचा नकाशा शेवटपर्यंत फायलीत राहिला.

चहाच्या वेळी मी तिला म्हटले, मेहनत वाया गेली. ती हसून म्हणाली, "नाही सर. ते थडगं पुढच्या गावात असेल. ते कुठेही गेले तरी तिथेच असेल."

येथे मी अडखळलो. ते कोठेही गेले तरी वाटेत थडगे आडवे येणारच असेल, तर त्यांच्या निवडीला अर्थ काय राहिला? डावीकडे वळा की उजवीकडे, राक्षस तोच. ही तर गुप्त लौहच झाली, आणि पाटी हातात देण्यापेक्षा पाटी नाही असे भासवणे अधिक वाईट. या खेळाच्या वर्तुळातही यावर जोरात वाद चालतात, तसेच आडोशामागे पडलेला फासा मास्टरने गुपचूप बदलावा की नाही यावरही. काही जण म्हणतात, खेळ रंगला ना, मग झाले. काही जण आडोसाच काढून टाकतात आणि फासा सर्वांदेखत टाकतात.

माझे मत पुष्कळ विचारानंतर असे झाले आहे. जे अजून उच्चारले गेले नाही ते मास्टरच्या मनातले आहे. ते त्याने हलवावे, मोडावे, दुसऱ्या गावात न्यावे. कोणाला त्याची चाहूल नसेल तर कोणाची निवड हिरावली जात नाही. पण एकदा तोंडातून निघाले, की झोपडीत दिवा आहे, आत दोन आवाज आहेत, की ते त्याचे राहिले नाही. ती अमानत झाली. पाच जणांनी मिळून मानलेली दुनिया त्याच्या जवळ ठेवलेली असते, आणि पडलेला फासा बदलणे ही त्या अमानतीत खयानत आहे, मग हेतू कितीही दयाळू असो. पात्र मरेल म्हणून वाचवायचे असेल तर फासा टाकायच्या आधी विचार करावा. गेम मास्टरची समीक्षा करायची तर त्याच्या वर्णनशैलीवरून, आवाज बदलण्यावरून करू नये. ते दास्तानगोचे माप झाले. दुसऱ्याने अनपेक्षित काही केले तेव्हा त्याने काय उत्तर दिले आणि दिलेल्या उत्तराला तो जागला की नाही, एवढेच पाहावे. म्हणून नकाशाच्या बाबतीत त्या मुलीला मी दोष देत नाही. पुढच्या गावात पोहोचण्यापूर्वीच कोणी त्या थडग्याची वाट टाळण्याचा विचारपूर्वक निर्णय घेतला आणि तरी तिने ते आणले, तर मात्र देईन.

हे सगळे मला एवढे का लागले, ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. बी.एड.ला आम्हाला ज्ञानरचनावाद शिकवला. शिक्षक आता सांगणारा नाही, सुलभक आहे. मुलांनी स्वतः ज्ञान रचायचे. परीक्षेत मी यावर चांगले गुण मिळवले. वर्गात आठवीला अर्धवट गोष्ट देऊन ती पूर्ण करायला सांगतो. एकदा गोष्ट होती भाकरी चोरणाऱ्या मुलाची. "पुढे काय झाले असेल? तुम्ही सांगा," असे मी मोठ्या उत्साहाने म्हणालो. एकाने सांगितले, चोर पळून गेला आणि दुसऱ्या गावी मजेत राहिला. मी म्हटले, "छान, पण आणखी विचार कर." दुसऱ्याने सांगितले, दुकानदारानेच त्याला कामावर ठेवले. "जवळ आलास." असे चालले होते. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी फारसे न बोलणारा, उठला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, आप को कौन सा जवाब होना वो बोलो, मैं वहीच लिखता."

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य सुटले नाही. अडचणी सांगता येतील: त्या मुलीसमोर चौघे होते, माझ्यासमोर बेचाळीस असतात, तास पस्तीस मिनिटांचा, आणि पाठाखाली तात्पर्य छापलेले असते. त्या सबबी खऱ्याही आहेत. तरी माझ्या हातात लौह होती आणि ती नसल्याचे मी भासवत होतो, हे त्या मुलाने ओळखले होते.

पुण्याहून आल्यावर मी तीच गोष्ट त्याच वर्गाला पुन्हा दिली. या वेळी टिपण नेले नाही. त्या मुलालाच प्रथम विचारले, तू दुकानदार, तुझ्या समोर चोर उभा आहे, काय करतोस? तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, पहिले त्याला विचारतो, दुसरी भाकरी कोणासाठी घेतलीस. चोराने दोन भाकऱ्या घेतल्या होत्या हे गोष्टीत कोठेच नव्हते. मी काही सुचवले नाही. चोर म्हणून मला उत्तर द्यायचे होते आणि ते मला ठाऊक नव्हते. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटले, "बाहेर कोणीतरी उभे आहे." चार-पाच हात एकदम वर आले. त्या तासाला गोष्ट पुरी झाली नाही, आणि पुढच्या आठवड्यात घटक चाचणी होती.